नदी कुठवर आली होती

"डोळे मीट," तोरस्कर सर म्हणाले. "आणि हात पुढे कर."

मी हात पुढे केला. तळव्यावर एक पान आलं, दवानं ओलसर.

"कुठला?"

मी अंगठा कडेवरून फिरवला. बारीक दाते लागले. मग पान उलटं करून मधल्या शिरेपासून फुटणाऱ्या शिरा नखानं चाचपल्या. मोजक्या होत्या, एकमेकींपासून अंतर राखून. "कोश," मी म्हटलं.

"बरोबर. आणि हा?"

दुसरं पान लांबट. कड जवळजवळ सपाट, शिरा दाटीवाटीनं. "उतीस."

"झाली गो बाय तू पास," सर म्हणाले आणि मोठ्यानं हसले. त्यांचं हसू असं की समोरच्या डोंगरावरची माणसंही वळून बघतील.

अंगणाच्या कडेला मक्याची कणसं सोलत बसलेली देवकूमाईही हसली. "काय चाललंय तुमचं रोज? दोन्ही कोशच आहेत. चुलीत घातले की दोघांचा धूर सारखाच."

मी तिचं म्हणणं सरांना मराठीत सांगितलं. खुशीत मान हलवून ते तिला म्हणाले, "बहेनजी, धूर सेम हाय, पर पेड अलग हाय. एकदम अलग हाय." सरांचं हिंदी वेंगुर्ल्याच्या बाजारातलं होतं, आणि ते हिमाचलात चालत नव्हतं. म्हणून सगळं बोलणं माझ्या तोंडून व्हायचं. ते मराठीत बोलत, मी हिंदीत सांगे. ती तिच्या पहाडी वळणाच्या हिंदीत बोले, मी मराठीत आणे.

ही त्र्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते, कराडहून कोल्हापूरला येऊन सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. अल्डर नावाचं झाड आपल्याकडे उगवतच नाही, तरी सर त्याच्या मागे लागले होते. हिमालयात त्याच्या दोन जाती. एक नदीचा काठ धरून राहते, दुसरी डोंगराच्या उतारावर. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, आणि फार थोड्या खोऱ्यांमध्ये एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर येतात. बियास नदीला मिळणाऱ्या रौणी नावाच्या एका छोट्या नदीच्या खोऱ्यात त्या तशा आल्या होत्या. गावातले लोक दोघींना कोश म्हणत. आम्ही आमच्या सोयीसाठी नदीकाठच्या झाडाला कोश आणि उतारावरच्याला उतीस म्हणायचो. उतीस हे नाव पूर्वेकडच्या पहाडातलं.

आम्ही देवकूमाईच्या घरी उतरलो होतो. पन्नाशीची विधवा बाई. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, गालांवर उन्हानं पडलेले तांबूस चट्टे. मुलगा सुरतराम फौजेत होता, घरात ती एकटी. शेजारच्या घरात तिचा दीर भागचंद राहायचा. त्यानं लग्न केलं नव्हतं. तो तिचं शेत नांगरायचा, लाकडं फोडायचा, छपरावरचं बर्फ लोटायचा, आणि दोन्ही वेळा तिच्याच चुलीपाशी येऊन मुकाट्यानं जेवायचा. दोघांमध्ये बोलणं फार कमी, पण तिनं हात पुढे करायच्या आत त्याच्याकडून मिठाचा डबा सरकलेला असायचा.

तिची एकच गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकली होती. पुलावरून जाताना ती थांबायची, कठड्यावरून वाकायची आणि नदीत थुंकायची. दर वेळी. कपडे धुवायलासुद्धा ती नदीवर जात नसे, वरच्या झऱ्यावर जाई.

मी एकदा विचारलंच. कणसं सोलता सोलता, हात न थांबवता तिनं सांगितलं.

"आमचं जुनं घर खाली होतं. पाच घरं होती तिथं, पुलाच्या पलीकडच्या वळणावर. मी बाळंतपणाला माहेरी गेले होते. सुरतराम पोटात होता. त्या वर्षी पाऊस थांबेचना. एका रात्रीत ही रांड चढली आणि पाचही घरं घेऊन गेली. माझा नवरा, सासू, माझी बिमी. तीन वर्षांची होती बिमी. एकाचंही शरीर मिळालं नाही."

"आणि भागचंदजी?"

"तो वर कुरणात मेंढ्या घेऊन होता. म्हणून राहिला." तिनं सोललेलं कणीस टोपलीत टाकलं. "पोरी, मी त्या वळणावर पुन्हा पाय ठेवला नाही. ह्या पाण्याचं तोंड बघायची इच्छा नाही."

आमचं काम नेमकं त्या वळणावर होतं. नदीच्या अगदी काठाला कोशची जुनी झाडं उभी होती, खोडाला शेवाळ, फांद्या पाण्यावर ओणवलेल्या. त्यांच्या मागे लगेच चढ सुरू व्हायचा आणि त्या चढावर उतीसचं रान होतं. दाट, सरळसोट, राखी खोडांचं. सर पहिल्यांदा त्या रानापुढे आले तेव्हा आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेकडेनं चालत गेले.

"कड बघितलीस?" शेवटी ते म्हणाले. "कात्रीनं कापल्यासारखी आहे. इथं देवदार, इथं एकदम उतीस. मध्ये काही नाही."

उतीसची मुळं बघावीत म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन तिथे गेलो, तर भागचंद आमच्या आधी पोचलेला होता. रानाच्या तोंडाशी उभा. "इथं खोदायचं नाही," तो म्हणाला. "हे देवतेचं आहे."

"कुठल्या देवतेचं?" मी विचारलं.

"खोदायचं नाही. पानं घ्या, फांद्या घ्या. कुदळ लावायची नाही."

सरांनी लगेच कुदळ खाली ठेवली. लोकांच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही हा त्यांचा नेम होता. आमच्याकडे एक पोकळ गिरमिट होतं. ते खोडात फिरवत आत नेलं की पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी बाहेर येते आणि तिच्यावर झाडाच्या वर्षांची वलयं वाचता येतात. झाडाला फारसं दुखत नाही. भागचंदला ते करून दाखवलं. कांडी बाहेर आल्याआल्या पांढरी होती, आणि बघता बघता तिच्यावर लालसर तांबूस रंग चढला. अल्डरचं लाकूड हवा लागली की तसंच होतं. भागचंदनं ते पाहिलं आणि तोंड फिरवून तो निघून गेला.

आठवडाभर आम्ही कांड्या काढल्या. वलयं मोजायचं काम माझं. रानाच्या माथ्यावरचं झाड, मधलं झाड, तळाचं झाड, जाड, बारीक, कुठलंही घ्या. आकडा एकच येत होता, पंचवीस. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. सरांनी स्वतः भिंग घेऊन मोजलं.

"एकाच वर्षी जन्मलेलं रान," ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "म्हणजे काय, सांग."

"एकाच वर्षी बी पडलं."

"बी दर वर्षीच पडतं. धुळीसारखं हलकं असतं, वाऱ्यानं कुठंही जातं. पण उतीसच्या बीला सावली चालत नाही, गवत चालत नाही. त्याला लागते उघडी, ताजी, नागडी माती. अशी माती डोंगरावर एकाच वेळी येते, शालन. डोंगर कोसळतो तेव्हा."

नदीकाठच्या कोशच्या कांड्या वेगळं सांगत होत्या. तिथं वीस वर्षांचं झाड होतं, साठ वर्षांचं होतं, आणि दोन-तीन तर नव्वदीच्या पुढची. सर खुशीत होते. एक बहीण नदीच्या सोबतीनं पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, दुसरी पडझडीतून उगवणारी. त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

त्याच दुपारी आम्ही घरी आलो. देवकूमाई सपाट छपरावर कणसं पसरत होती. सर शिडीवरून धापा टाकत वर चढले. एखादी आनंदाची बातमी घरातल्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवू नये तसं त्यांचं झालं होतं.

"सांग तिला," ते मला म्हणाले. "तिच्या सुरतरामच्या बरोबरीचं आहे ते सगळं रान. फार तर एखाद वर्षानं धाकटं. सांग, त्या साली तिथं डोंगर कोसळला."

मी सांगितलं. ती कणसं पसरतच होती.

"हो, पडला होता ना," ती शांतपणे म्हणाली. "आमची घरं तिथंच होती. पण डोंगर नंतर पडला. आधी नदीनं घरं नेली, मग रिकाम्या जागेवर डोंगर आला. भागूनं सांगितलं होतं."

मी सरांना मराठीत सांगितलं. सरांनी भुवया जुळवल्या. ते वर्गात जसे विचार करत तसे मोठ्यानं विचार करू लागले, आणि मराठीत बोलत होते म्हणून त्यांना कसली भीतीही वाटली नसावी.

"नाही, नाही. ते कसं शक्य आहे? घरं वर, कोश खाली. नदी घरापर्यंत चढायची तर आधी कोशवरून जाणार. दगडी घर उचलून नेणारी नदी ती झाडं ठेवील? नव्वद वर्षांची आहेत ती. खोडाला एक जुना घाव नाही. नदी तिथं चढलीच नाही, शालन. घरांवर डोंगरच..."

ते थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मी त्यांच्याकडे बघत होते, ते माझ्याकडे. सर काय बोलून गेले ते दोघांनाही एकाच क्षणी कळलं.

"काय म्हणतायत?" देवकूमाईनं विचारलं.

"काही नाही, माई."

तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं. "तुझा चेहरा पांढरा पडलाय. काय म्हणाले ते? कोशचं काय म्हणाले?"

मी खोटं बोलायला हवं होतं का, ह्याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. त्या क्षणी मला खोटं सुचलंच नाही. "काठावर कोशची जुनी झाडं आहेत," मी म्हटलं. "ती... नदीनं नेली नाहीत."

"कुठली झाडं?"

"मोठी आहेत. पाण्यावर वाकलेली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "एकाला दोन खोडं आहेत? खालून फुटलेली?"

होतं तसं. आम्ही त्याचीच पानं सगळ्यांत आधी घेतली होती. मी मान हलवली.

ती शिडीनं खाली उतरली आणि चालू लागली. मी मागे, सर त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यानं माझ्या मागे. पुलावर ती थांबली नाही. पलीकडे गेल्यावर ती वळणाच्या पायवाटेला लागली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तरी तिचं पाऊल कुठं अडखळलं नाही.

दोन खोडांच्या कोशपाशी येऊन ती उभी राहिली. शेवाळावर हात ठेवला.

"इथं दोरी बांधायचे मी," ती म्हणाली. "ह्या खोडापासून त्या झाडापर्यंत. कपडे वाळत घालायचे. बिमी खाली बसायची." तिनं त्या दुसऱ्या झाडाकडे पाहिलं. तेही उभं होतं. मग पुढचं. एकेका झाडाकडे ती बघत गेली, जुन्या ओळखीची माणसं रांगेत उभी असावीत तशी.

मग तिनं नदीकडे पाठ केली आणि वर बघितलं.

तिथं मोकळी, सपाट जागा असायला हवी होती. खळं, पाच अंगणं. मी कधी पाहिलेली नव्हती ती, पण तिच्या नजरेवरून कळत होतं, ती कुठं काय शोधतेय ते. तिथं चढ होता. पंचवीस-तीस हात उंच मातीचा फुगवटा आणि त्यावर उतीसची सरळ, देखणी झाडं. ऊन पानांतून खाली उतरत होतं.

"मी रोज वरच्या वाटेनं तिथं बकऱ्या नेते," ती हळूच म्हणाली. "दुपारी तिथं निजते. सावली चांगली असते म्हणून."

सर कोशच्या मुळावर बसले होते. त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं होतं.

पायवाटेवर दगड घरंगळल्याचा आवाज आला. भागचंद धावत आला होता. लांबूनच आम्हाला पाहून त्याची गती मंदावली, आणि शेवटची काही पावलं तर तो पाण्यातून चालावं तसा आला.

"भाभी," तो म्हणाला. "वर चल. इथं गारठा आहे."

"भागू, नदी कुठवर आली होती?"

त्यानं पायवाटेकडे हात केला.

"मला हातानं दाखव. कुठवर आली होती?"

भागचंदनं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. आम्ही परके होतो, पण आता आमच्यापासून लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं हात उचलला आणि कोशच्या मुळांच्या खाली, पाण्याजवळच्या एका काळ्या खडकाकडे दाखवलं.

"तिथवर," तो म्हणाला. "त्याच्या वर नाही."

मी पुढे झाले, पण देवकूमाईनं हातानंच मला दूर सारलं आणि खोडाला धरून ती उभी राहिली. "सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"तू आलास तेव्हा काय होतं?"

तो सांगू लागला. सलग नाही, तुकड्यातुकड्यानं. सकाळी तो कुरणातून खाली आला तेव्हा घरं नव्हती. धुकं होतं आणि चिखल. पायाखालची जमीन अजून हलत होती. तो हाका मारत फिरला. मग एके ठिकाणी खालून आवाज आला.

"कसला आवाज?"

"कोणीतरी थाळी वाजवत होतं."

सर मला काही विचारतील आणि मला त्यांना सांगावं लागेल ह्या भीतीनं मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. पण त्यांना सांगायची गरज नव्हती. थाळी ह्या शब्दाला भाषांतर लागत नाही.

"मी हातानं खोदलं," भागचंद म्हणाला. "कुदळ, फावडं सगळं खालीच गेलेलं. एक फळी मिळाली, तिनं खोदलं. मी खोदलं की वरून पुन्हा यायचं. दोनदा मीच कमरेपर्यंत गाडला गेलो. पूल वाहून गेला होता, पलीकडचं कोणी येऊ शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत..." त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मग थांबलं."

नदी वाहत होती.

"लोक आले तेव्हा डोंगर अजून येतच होता," तो पुढे म्हणाला. "मी म्हटलं, नदीनं नेलं. तुझे दिवस भरले होते भाभी. तुला कळलं असतं तर तू आली असतीस. इथं बसून खोदत राहिली असतीस. तूही गेली असतीस आणि सुरतही. मी एवढंच म्हटलं, नदीनं नेलं. मग सुरत झाला. मग बर्फ पडलं. मग ते परत बोलायचं कसं, मला कळलं नाही."

देवकूमाईनं विचारलं, "कोण वाजवत होतं?"

"मला काय माहीत."

"भागू."

"मला नाही माहीत, भाभी. आवाज होता फक्त."

"कसा वाजत होता? वाजवून दाखव."

तो मागे सरला. "भाभी, नको."

"वाजवून दाखव."

मला वाटलं तो पळून जाईल. पण तो खाली बसला. त्यानं एक गोटा उचलला, दुसऱ्या दगडावर धरला. मग त्यानं ठोकलं. दोन ठोके भराभर, मग थोडं थांबून एक. पुन्हा दोन भराभर, थांबून एक. सव्वीस वर्षांत त्याचा हात ते विसरला नव्हता. त्याला अडखळावंसुद्धा लागलं नाही.

"भूक लागली की असंच करायची," देवकूमाई म्हणाली. "वाटी घेऊन थाळीवर. सासूबाई ओरडायच्या, थाळीला पोचे पडतात म्हणून."

भागचंदच्या हातातून गोटा पडला. तो कपाळ जमिनीला लावून तिथंच दुमडला, आणि त्याच्या घशातून जो आवाज आला तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. देवकूमाई मात्र रडली नाही. ती त्याच्या शेजारून गेली, चढ चढून उतीसच्या रानात शिरली. मी मागे निघाले तर सरांनी माझा दंड धरला. "नको," ते म्हणाले. "आपण इथं आणखी काही करायचं नाही."

संध्याकाळ होईपर्यंत ती तिथं होती. आम्हाला खालून ती दिसत होती. ती खोदत नव्हती, हाका मारत नव्हती. एका झाडाखालून उठायची, दुसऱ्याखाली जायची, आणि पायाखाली बघत राहायची. घर कुठं होतं, चूल कुठं, दार कुठं, ते ती मनात मांडत असावी. पण मातीनं सगळं उलटंपालटं केलं होतं, तिला जागा सापडत नव्हती. भागचंद रानाच्या कडेला उभा होता. आत पाऊल टाकत नव्हता.

त्या रात्री आमच्यापैकी कोणीच जेवलं नाही. सरांनी उतीसच्या सगळ्या कांड्या एका फडक्यात बांधल्या आणि मला म्हणाले, "हे इथलं इथंच ठेवून जायचं." सकाळी ते स्वतः ती पुरचुंडी रानाच्या तोंडाशी एका दगडाखाली ठेवून आले. दोन जातींवरचा आमचा निबंध पुढच्या वर्षी छापून आला. पानांची, शिरांची, फळांची तुलना त्यात आहे. त्या उताराचा उल्लेख नाही. एका परीक्षकानं विचारलं होतं की एवढ्या महत्त्वाच्या ठिकाणची माहिती अपुरी का. सरांनी उत्तर दिलं नाही. त्यानंतर त्यांनी अल्डरवर काम केलं नाही, आणि त्यांचं ते मोठं हसूही मी पुन्हा फारसं ऐकलं नाही.

निघायच्या सकाळी देवकूमाई आम्हाला बसच्या रस्त्यापर्यंत सोडायला आली. येऊ नको म्हटलं तरी आली. तिचे डोळे कोरडे होते आणि पापण्या सुजलेल्या.

"भागचंदजी कसे आहेत?" मी भीत भीत विचारलं.

"त्याच्याशी बोलवत नाही मला," ती म्हणाली. "दारात रोटी ठेवून आले आहे. उपाशी कसं ठेवणार?"

बस यायला वेळ होता. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. तिला काहीतरी विचारायचं आहे हे दिसत होतं. शेवटी ती माझ्याशी नाही, थेट सरांशी बोलली.

"साहेब, त्या वरच्या कोशची मुळं किती खोल जातात?"

सरांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बहोत," ते म्हणाले. "बहोत नीचे."

"घरापर्यंत?"

सरांनी डोळे मिटले. मग उघडून म्हणाले, "हां बहेनजी. पोचली असणार." हिंदीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपलं. तिला समजलं.

"आणि मुळं खाली जे असेल ते वर नेतात? पानापर्यंत?"

झाडांविषयी कोणी काही विचारलं आणि सर गप्प राहिले, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. हळूहळू त्यांनी मान हलवली. हो.

देवकूमाई खोऱ्याकडे वळली. तिथून उतीसचं रान दिसत होतं, सकाळच्या उन्हात हिरवंगार, आजूबाजूच्या सगळ्या डोंगरापेक्षा जास्त हिरवं.

"माझ्या बकऱ्यांनी तीच पानं खाल्ली," ती म्हणाली. "आणि माझा सुरत त्या दुधावर मोठा झाला."

ती हे कशा सुरात म्हणाली ते मी आजवर कोणाला सांगू शकलेले नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला भय म्हणावं की दुसरं काही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. बस आली. सरांना हात धरून चढवावं लागलं. मी खिडकीतून मागे पाहिलं तर ती रस्त्यावर नव्हतीच. ती पुलाच्या दिशेनं उतरत होती, भराभर, कोणीतरी वाट बघत असल्यासारखी.